तारापूरवाला : एका आडनावाची कुळकथा

तारापूर गावातच पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्यास ‘तारापूरवाला’ म्हणण्याचे कारण पडत नाही. जेथे सारेच तारापूरचे, तेथे त्या नावाने ओळख ती काय पटणार? मनुष्य परमुलखी गेला म्हणजे लोक पुसतात, ‘आपण कोठले?’ त्याचे उत्तर हेच पुढे त्याचे आडनाव होऊन बसते. इंग्लंडातही हीच रीत आढळते. डरहॅम परगण्यातील वॉशिंग्टन या गावावरून ज्या कुळाने नाव घेतले, त्याचाच वंशज अमेरिकेचा पहिला अध्यक्ष झाला.

गावाच्या नावास मराठी मनुष्य ‘कर’ जोडतो, तर गुजराती बोलणारा ‘वाला’. पारशी कुळांची घरची भाषा गुजराती. म्हणून ती तारापूरकर न होता तारापूरवाला झाली. पुढे कोणी शेपूट गाळून नुसते ‘तारापोर’ लिहू लागले. तारापूरचेच विकाजी मेहरजी व पेस्तनजी मेहरजी हे बंधू एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात मोठे सावकार म्हणून गाजले. त्यांच्या वंशजांत मात्र गावाऐवजी ‘विकाजी’ हे पूर्वजाचे नावच आडनाव म्हणून रूढ झाले.

तारापूरवाला हे आडनावही त्या राज्यात पोहोचले होते. कलकत्ता विद्यापीठात तौलनिक भाषाशास्त्र शिकविणारे इराच जहांगीर सोराबजी तारापूरवाला यांचा जन्म १८८४ साली हैदराबादेस झाला. शब्दांची कुळे शोधणाऱ्या पंडिताच्या स्वतःच्या नावातच एक गाव दडलेले असावे, हा योग मौजेचा खरा!

हैदराबादच्याच सैन्यात अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांनी आपल्या सेवेस आरंभ केला. त्यांचे पूर्वज रतनजीबा यांना शिवाजी महाराजांच्या सेवेबद्दल शंभर गावे इनाम मिळाली व त्यांत तारापूर मुख्य होते, अशी कुटुंबात कथा आहे. परंतु १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकीपर्यंत तारापूरचा कोट पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेव्हा ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण. आडनाव एवढेच सांगते की हे कुळ एके काळी तारापूरचे होते. इनामाचा पुरावा कागदांतच शोधावा लागेल.

लेफ्टनंट कर्नल तारापोर १६ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानशी झालेल्या युद्धात, सियालकोट आघाडीवर, ‘पूना हॉर्स’ या रणगाडा-पलटणीचे नेतृत्व करीत असता धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र अर्पण करण्यात आले. २०२३ साली अंदमानातील एका बेटास त्यांचे नाव देण्यात आले. गावाचे आडनाव झाले होते, ते आता एका बेटाचे नाव झाले आहे.