डॉक्टर नाही, म्हणून उपचारच नाहीत?

गैरसमज : डिप्रेशन हे शहरातल्या लोकांचं दुखणं.

वस्तुस्थिती : २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला. महानगरांत प्रमाण जास्त, हे खरं. पण खेडी त्यातून सुटलेली नाहीत. गावात ‘मला उदास वाटतं’ असं सहसा कुणी म्हणत नाही. डोकं दुखतं, झोप नाही, कामात मन लागत नाही, असं सांगतात आणि सलाईन लावून घरी परततात.

गैरसमज : तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ येत नाही तोवर काही होणार नाही.

वस्तुस्थिती : सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं केलंय. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण दिलं. गावातले कार्यकर्ते माहिती आणि आधार देत, समुपदेशक बोलत आणि गंभीर रुग्ण तेवढे तज्ज्ञांकडे जात. सुरुवातीला नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर सत्तावीस. उरलेले त्र्याहत्तर बाहेरच राहिले, हेही विसरू नये.

गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं आणखी पुढची पायरी गाठली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसोबत सहा ते आठ बैठका घेतल्या आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा त्यांचा गुण जास्त आला. हे नुसतं धीर देणं नव्हे. सुटलेली कामं कोणती, भेटीगाठी कधी थांबल्या, हे विचारून त्यातलं एखादं छोटं काम ठरवायचं, पुढच्या बैठकीत ते झालं का पाहायचं, अडलं तर वाट शोधायची.

स्किझोफ्रेनियासारख्या आजाराला मात्र डॉक्टर आणि औषध हवंच. तिथं खरी अडचण वेगळीच असते : केंद्रात गोळ्या संपल्या की जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं, म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. उपचार तिथंच तुटतात.

गैरसमज : मानसिक आजाराच्या गोळ्यांची सवय लागते.

वस्तुस्थिती : झोपेच्या काही गोळ्यांची लागते. नैराश्याच्या औषधांचं व्यसन लागत नाही. फक्त ती मनानं, एकदम बंद करू नयेत.

गैरसमज : आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात शिरतो.

वस्तुस्थिती : शिरत नाही. थेट विचारल्यानं माणूस बोलता होतो. पोलिसांच्या भीतीनंही घरचे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात; पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. ग्रामपंचायतीच्या फलकावर तो मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.