जुनें यंत्र, रोख पैसा आणि कोरा सातबारा

दिवाळी आटोपून ऊंसतोडणीचे दिवस आले म्हणजे पुरुषोत्तमनगर व आसपासच्या खेड्यांतून एक प्रश्न हमखास ऐकूं येतो : यंदा ट्रॅक्टर घ्यावा काय ? सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या या मुलखांत ऊंस, केळी, पपई, कापूस हीं पिकें होतात. नांगरट, सरी, वाहतूक हीं कामें कोणाला ना कोणाला लागतातच. म्हणून पांच-सहा एकरांचा धनीही, स्वतःच्या शेताबरोबर शेजाऱ्याची नांगरट भाड्यानें करून चार पैसे जोडावे, अशी उमेद धरतो. उमेद वाईट नाहीं. तिचा आरंभ कोठून करावा एवढाच वाद आहे. एक वाट दुकानाकडे जाते. तेथें नवा ट्रॅक्टर हारतुऱ्यांसह उभा असतो व कर्जाचे कागदही तयार असतात. दुसरी वाट एखाद्याच्या खळ्यांतील पत्र्याच्या छपराकडे जाते. तेथें दहा वर्षें राबलेला ट्रॅक्टर विक्रीस असतो. आमच्या मतें लहान धंद्यानें ही दुसरी वाट धरावी. मात्र डोळे उघडे ठेवून व कागद वाचून. आम्हीं सारी नोकरी महसुली कारकुनींत घालविली, त्यामुळें यंत्रापेक्षां सातबाऱ्याकडेच आमची नजर आधीं जाते, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

प्रथम हिशेब पाहूं. समजा, सहा लक्ष रुपये दरसाल बारा टक्के व्याजानें पांच वर्षांच्या मुदतीनें काढले व हप्ता मासिक ठेवला. हप्ता सुमारें १३,३४७ रुपये पडतो; साठ हप्त्यांत सुमारें ८,००,८०० रुपये जातात, म्हणजे व्याजापोटीं दोन लक्षांवर रक्कम गेली. हप्ता सहामाही असला तर आंकडे थोडे बदलतील, गोष्ट तीच राहील. आतां भाड्याच्या कामाचे दिवस मोजावे. पावसानें वाफसा मोडला, चालक आजारी पडला, गिऱ्हाइकानें ऐनवेळीं दुसऱ्यास बोलाविलें, हें सारें वजा जातां नव्वद दिवस काम मिळालें असें धरूं. वर्षाचे हप्ते १,६०,१६० रुपये होतात; म्हणजे कामाच्या दर दिवसावर सुमारें १,७८० रुपये हप्त्याचे बसले, आणि डिझेल व चालक अजून बाकीच आहेत. यंत्र नव्वद दिवस राबतें, व्याज तीनशें पासष्ट दिवस राबतें.

आतां जुना ट्रॅक्टर अडीच लक्षांस घेतला व पन्नास हजार घालून नीट केला असें समजूं. तीन लक्ष घरचे गेले. ते ठेवींत असते तर सात टक्क्यांनीं एकवीस हजार व्याज आलें असतें, तेंही खर्चांत धरावें. दुरुस्ती नव्यापेक्षां अधिक लागणारच; ती सालीना चाळीस हजार धरूं. मिळून एकसष्ट हजार, म्हणजे नव्वद दिवसांवर रोजीं सुमारें ६७८ रुपये. कोणी म्हणेल, पांच वर्षांनीं नव्यास किंमत अधिक येईल. येईल खरी, परंतु त्या पुढच्या किमतीनें मधल्या सालांचा हप्ता भरतां येत नाहीं. आणि ज्या सालीं पाऊस रुसतो त्या सालीं दुरुस्ती चार महिने लांबवितां येते. हप्ता लांबत नाहीं, त्यावर दंड मात्र चढतो.

कर्जाचें भय आमच्या शेतकऱ्यास पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें सावकारांचे दस्तऐवज जाळले गेले. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला, आणि १८८३ व १८८४ सालीं तगाईचे कायदे झाले. तगाईंतून बैल घेतला तर तो रिकाम्या दिवशींही निदान शेण देई. उभा ट्रॅक्टर कांहींच देत नाहीं. तथापि प्रत्येक कर्ज वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली तेव्हां औंधच्या अधिपतींकडून जागा घेतली, तशी कर्जाऊ रक्कमही घेतली. पण बेळगांवांत त्यांनीं सायकलींचें दुकान काढलें तें १८८८ सालीं. मधलीं बावीस वर्षें छोट्या धंद्यांत हात मुरले होते, कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर गिऱ्हाइकांपर्यंत पोंचले होते. आमचा होतकरू पहिल्याच दिवशीं कर्जावर बसतो, हा फरक आहे. (पहिल्या महायुद्धांत लोखंड मिळेना तेव्हां याच कारखान्यास शाहू छत्रपतींनीं निकामी तोफा दिल्या व त्यांचे नांगर झाले. जुन्या लोखंडास नाक मुरडणारांनीं हें आठवावें.)

यंत्र पाहावें कसें, याविषयीं आमच्या तालुक्यास बाहेरचा गुरु नको. सारंगखेड्यास दत्तजयंतीला तापीकांठीं घोड्यांचा बाजार भरतो. तेथें जाणतें गिऱ्हाईक घोड्याच्या झुलीकडे पाहत नाहीं. तें दात उघडून वय पाहतें, खूर उचलून पाहतें, चालवून व पळवून पाहतें, अंगावरचे भोंवरे मोजतें. भोंवऱ्यांच्या शुभाशुभावर आमचा विश्वास नाहीं. परंतु तेवढा वेळ माणूस जनावरापाशीं थांबतो, हा लाभ खराच. ट्रॅक्टरपाशींही असेंच थांबावें. सकाळीं, आगाऊ न कळवितां जावें. इंजिनावर प्रथम हात ठेवावा. तें ऊन लागलें तर मालकानें आधींच चालवून ठेवलें आहे असें समजावें, कारण थंड इंजिन सुरू होतांना जी कुरकुर करतें तीच त्यास लपवावयाची असते. सुरू झाल्यावर निळसर धूर निघतच राहिला तर तेल जळत आहे, आणि लायनर-पिस्टनचा खर्च दाराशीं आला आहे. तेल घालण्याचें झांकण उघडल्यावर धुराचे लोट आले तरी अर्थ तोच. तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे. मागें नांगर अडकवून उचलावा व इंजिन बंद करावें. नांगर झरझर खालीं बसला तर हायड्रोलिकचें काम निघालें. टायर झिजले असले तर नव्या टायरांचा भाव आधीं दुकानांत विचारून तो सौद्यांतून वजा करावा. तास दाखविणारी घडी मागें फिरवितां येते. क्लचच्या पेडलाची झीज फिरवितां येत नाहीं. मिस्त्री बरोबर न्यावा, पण तो आपला असावा. विकणाऱ्यानें सुचविलेला नव्हे.

येथवर यंत्राचें झालें. खरा धोका कागदांत आहे. आमच्या नोकरीच्या काळांत एका लहान शेतकऱ्याची हकीकत आमच्यापुढें आली. त्यानें कापसाचे पैसे व बायकोचे दागिने मोडून आलेली रक्कम देऊन साध्या स्टँपावर ट्रॅक्टर घेतला. आठव्या महिन्यांत वित्तसंस्थेचीं माणसें आलीं व ट्रॅक्टर घेऊन गेलीं. विकणारा तोंवर गांव सोडून गेला होता. ज्यानें स्वतः एका पैचें कर्ज काढलें नव्हतें, त्याच्या अंगणांतून दुसऱ्याच्या कर्जापायीं यंत्र गेलें, आणि दागिने तर आधींच गेले होते.

म्हणून नोंदणी-पुस्तक प्रथम वाचावें, व चासिसवर कोरलेला क्रमांक पुस्तकांतील क्रमांकाशीं स्वतः ताडून पाहावा. पुस्तकांत वित्तसंस्थेचें नांव असेल तर, कर्ज फिटल्याचा तोंडी हवाला कितीही गोड असला तरी, ती नोंद कमी झाल्याशिवाय पुरी रक्कम देऊं नये. त्यासाठीं संस्थेचा ना-हरकत दाखला व तिच्या सहीचा नमुना ३५ लागतो. नांव फिरविण्यास नमुना २९ व ३० भरावे लागतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें, राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत कळवावयाचें व घेणाऱ्यानें ३० दिवसांत अर्ज करावयाचा आहे. ट्रॉलीची नोंदणी निराळी असते, ती विसरूं नये. आपला तालुका सरहद्दीचा. खेतिया मध्य प्रदेशांत, निझर गुजरातेंत. पलीकडचा ट्रॅक्टर घ्यावयाचा तर मूळ परिवहन कचेरीचा ना-हरकत दाखला हवा, आणि यंत्र बारा महिन्यांहून अधिक काळ इकडे राहणार असेल तर इकडील नवा क्रमांक घ्यावा लागतो. विकणाऱ्यासही या कामांत ढिलाई परवडणारी नाहीं. पुस्तकांत ज्याचें नांव राहिलें तोच अपघाताच्या भरपाईस मालक म्हणून जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें दिला आहे.

यावर आमची कारकुनी पुस्ती अशी, कीं विकणाऱ्याचा सातबाराही काढावा. ट्रॅक्टरच्या कर्जास जमीन तारण घेतली असेल तर इतर हक्कांच्या रकान्यांत बोजा दिसतो. पुस्तक कोरें पण बोजा उभा, असें आढळलें तर तें कर्ज कशाचें, हें विचारून लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबावें. हें विचारण्यास पुष्कळांस संकोच वाटतो. घोड्याचे दात पाहतांना कोणी लाजत नाहीं.

आणखी एक खुलासा. रोखीनें घ्या म्हणजे नोटांचीं पुडकीं द्या, असा आमचा अर्थ नाहीं. एका व्यवहारांत दोन लक्ष किंवा त्याहून अधिक रक्कम रोकड घेण्यास आयकराच्या कायद्यानें १ एप्रिल २०१७ पासून मनाई केली आहे, आणि घेणाऱ्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊं शकतो. पैसा आपला असावा, पण तो बँकेंतून विकणाऱ्याच्या खात्यावर जावा. तीच पुढें पक्की पावतीही ठरते.

जुनें तें सर्वच घ्यावें असेंही नाहीं. रोटाव्हेटर, पेरणीयंत्र अशा अवजारांस सरकारी अनुदान मिळतें तें नव्यावर. तें वजा जातां नवें अवजार जुन्याच्या भावांत पडत असेल तर नवेंच घ्यावें. मात्र अनुदान खरेदीनंतर खात्यावर येतें, तोंवरची रक्कम आपल्यापाशीं हवी. त्या अनुदानाच्या भरंवशावर खाजगी कर्ज काढणें म्हणजे फिरून तेंच दार. मळणीयंत्राचें तर आम्ही वेगळेंच सांगूं : ज्याच्या पट्ट्यावरील व तोंडावरील संरक्षक पत्रे काढून टाकलेले आहेत तें फुकट मिळालें तरी घेऊं नये. त्यांत हात जातात.

ज्यांचे पैसे अजून जमावयाचे आहेत त्यांनीं यंदाची नांगरट दुसऱ्याच्या ट्रॅक्टरनें करावी, आणि त्याला दिलेलें भाडें, त्याचे तास व जळलेलें डिझेल वहींत टिपून ठेवावें. आषाढ-श्रावणांत यंत्रें छपराखालीं उभीं असतात व विकणारास पेरणीच्या खर्चाची ओढ असते. सौद्यास तेव्हां बसावें, आणि बसतांना ती वही बरोबर असावी.