दुर्बिणीच्या बैठकीलाही पावसाळा बाधतो

भाऊबीज झाली की चंद्रकोर रोज थोडी थोडी वाढू लागते. चंद्रावरची विवरे पाहायला हे दिवस फार छान. गेल्या दिवाळीत मुलांनी हट्ट धरला म्हणून आम्ही घरची दुर्बीण गच्चीवर नेली. पावसाळ्याचे चार महिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत कडेकोट बांधून ठेवली होती. पिशवी सोडली तर आत कुबट वास! भिंग स्वच्छ होते. पण बैठकीचा स्क्रू काही केल्या फिरेना. पकडीने जोर लावला, तशी त्याची मूठच तुटून हातात आली. चंद्र आपल्या जागी होता, पण दुर्बीण त्याच्याकडे मान वळवायला तयार नव्हती. मुले हिरमुसली.

दोष आमचाच होता. आपण भिंगाला जीव की प्राण जपतो. पण दुर्बीण जिच्यावर बसते आणि वळते, त्या बैठकीकडे, म्हणजेच माउंटकडे, कोणी पाहत नाही. ओलावा मात्र आधी तिलाच गाठतो.

पाणी येते कोठून?

पाऊस नसतानाही दुर्बीण भिजते, ती दवाने. निरभ्र रात्री धातू आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. मग गार पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात, तसे त्याच्यावर दव जमते. अशी ओली दुर्बीण लगेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली, की पाणी आतच कोंडते. दिवसा त्याची वाफ होते, रात्री पुन्हा थेंब होतात. गंजाला आणखी काय हवे?

मुंबई, रत्नागिरी, पणजी किंवा चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या गावी याच्या जोडीला खारा वारा असतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. बैठकीचे अंग बहुधा ॲल्युमिनियमचे आणि स्क्रू पोलादाचे. या दोन धातूंमध्ये खारे पाणी शिरले की जणू लहानशी बॅटरीच तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी साचते आणि स्क्रू जाम होतो.

एवढे अवश्य करा

* निरीक्षण संपल्यावर बैठक कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि खोलीत पंख्याखाली तासभर उघडी ठेवा. भिंगावर दव असेल तर ते पुसू नका. आपोआप वाळू द्या आणि मगच झाकण लावा.
* समुद्रकाठी राहत असाल, तर आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या.
* झाकायला प्लॅस्टिकऐवजी जुनी सुती चादर वापरा. हवा खेळती राहते.
* पेटीत ठेवायची असेल, तर पूर्ण वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. निळे दाणे गुलाबी किंवा नारिंगी दाणे हिरवे झाले, की ते ओलाव्याने भरले असे समजा आणि पुड्या बदला. पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.
* डांबराच्या गोळ्या आणि कापूर पेटीत नकोत. त्यांची वाफ भिंगावर बसू शकते.
* बॅटरीचे सेल काढून ठेवा. ते पाझरले तर जोडण्या खराब होतात.
* पावसाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक स्क्रू थोडा सैल करून पुन्हा बसवा. सर्व भाग फिरवून पाहा.

काही दुर्बिणींची बैठक लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीची असते. पाणी लागल्यास ती फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. तिच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत.

खोबरेल नको!

चाक कुरकुरले की आपला हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. पण थंडीच्या रात्री खोबरेल थिजते. शिलाई मशीनचे तेल फार पातळ असल्याने ओघळून जाते. गंज सोडवण्याच्या फवाऱ्याने दंतचक्रांतले मूळचे ग्रीसच धुऊन निघते. म्हणून दंतचक्रांना चांगल्या प्रतीचे लिथियम ग्रीस, तेही बोटभर नव्हे, पातळसे लावावे. स्क्रूच्या आट्यांनाही त्याचाच हलका हात द्यावा.

गच्चीवरचा खांब

काही हौशी मंडळी गच्चीवर लोखंडी खांब रोवून त्याच्यावर बैठक कायमची बसवतात. असा खांब गंजतो तो बहुधा पायाशी, जेथे पाणी साचते. तळपट्टी नटांवर थोडी उचलून बसवावी आणि पाण्याला उतार द्यावा. खांब घासून रेड ऑक्साइड व त्यावर ऑइलपेंट लावावा. खांबावरची बैठक मात्र पावसाळ्यापूर्वी खाली उतरवलेलीच बरी. उन्हाळ्यात झाकण घातले तर ते खालून मोकळे ठेवावे.

मोठ्या वेधशाळाही कोरडी हवा शोधतात. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर २ मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण उभी आहे, ती तिथल्या थंड, कोरड्या, निरभ्र आकाशासाठीच. तिचे नियंत्रण बंगळूरूजवळच्या होसकोटे येथून होते. आपल्याला हानले गाठता येणार नाही. पण घरातला एक कोरडा कोपरा नक्कीच देता येईल.

आमचा स्क्रू शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी रात्रभर तेलात ठेवून सोडवला. नवी मूठही त्यांनीच बसवून दिली. आता दुर्बीण चादरीखाली असते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी स्क्रू फिरवून पाहण्याचे काम मुलांनी आपणहून अंगावर घेतले आहे.