नवा कॉम्प्युटर गप्प का?

समजा वडाळ्यातल्या एका घरी आज नवा डेस्कटॉप कॉम्प्युटर आलाय. आजीनं त्याला हळदकुंकू लावलंय, शेजारची पोरं दारात जमलीत. बाबा बटण दाबतात... आणि पडदा काळाकुट्ट! "फसवलं दुकानदारानं," असा निकाल मिनिटभरात लागतो.

थांबा! एवढी घाई नको. हा कॉम्प्युटर आला कुठून? समजा, ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून. (कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण बोलताना लॅमिंग्टन रोडच!) दुकानात तो जोडून, चालवूनही दाखवला. मग टॅक्सीत बसून, खड्डे खात वडाळ्याला आला. आतले बरेच भाग नुसते खाचांत बसवलेले असतात. एखादा केसभर हलला, तरी कारभार ठप्प. पुष्कळदा मोडलेलं काहीच नसतं, निसटलेलं असतं.

म्हणून आधी पाहा, आतला पंखा फिरतोय का? नसेल, तर बहुधा वीजच पोहोचत नाहीये. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून बघा. लागला? मग कॅबिनेटच्या मागे वायर खुपसतात तिथला छोटा खटका शोधा. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. हा खटका बंद राहिल्यामुळे किती घरांत रुसवेफुगवे झाले असतील, कोण जाणे!

त्या खटक्यामागची लोखंडी पेटी २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणते. ती पेटी मात्र कधीच उघडायची नाही, बरं का! वायर काढली तरी आत वीज साठून राहते आणि जबर झटका बसू शकतो.

पंखा फिरतोय, पण पडदा काळाच? मॉनिटरचा स्वतःचा दिवा लागलाय का ते पाहा. मग त्याची केबल. कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मागे केबल लावायला दोन जागा दिसतात. केबल कार्डाच्या जागी हवी. घाईत ती दुसरीकडे जाते आणि आत सगळं सुरळीत चालू असताना बाहेर मात्र अंधार!

आता खरी गंमत. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर शाळेसारखी हजेरी घेतो. प्रोसेसर? हजर! मेमरी? हजर! ग्राफिक्स? हजर! कुणी 'हजर' म्हटलं नाही, की हजेरी तिथेच थांबते. काही मदरबोर्डवर यासाठी चार छोटे दिवे असतात. जो लागून राहील, तिथे घोडं अडलं. काही मशीन 'बीप' वाजवून सांगतात. त्या बीपचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत सापडतो. आणि हो, डीडीआर-५ जातीची नवी मेमरी असेल, तर पहिल्या खेपेला पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. तेवढ्यात बटण पुन्हा पुन्हा दाबू नका.

मेमरीचाच दिवा लागून राहिला तर? कॅबिनेटला सील असेल तर हात लावू नका, वॉरंटी जाऊ शकते. नसेल, तर आईबाबांसमोर वायर काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा, धातूच्या कॅबिनेटला हात लावा. मग मेमरीची पट्टी काढून 'टक्' असा आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून पाहा. एका वेळी एकच बदल! दोन केलेत, तर गुण कशानं आला ते कळणार कसं?

आपल्याच मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रंगस्वामी नरसिंहन यांच्या चमूनं 'टिफ्रॅक' हा कॉम्प्युटर बांधला. १९६० मध्ये तो कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते, दिव्यासारखे तापणारे आणि कधीतरी जाणारे. त्यांतला बिघडलेला नेमका कोणता, हे हुडकायचं म्हणजे काय काम असेल! तुमच्यापुढे जेमतेम आठ-दहा जागा आहेत.

एवढं करूनही तो गप्पच राहिला, तर बिल काढा, दुकानात फोन लावा आणि सांगा : "काका, पंखा फिरतोय, मॉनिटरचा दिवा आहे, केबल बरोबर आहे, पण मेमरीचा दिवा लागून राहतोय."