पुराचं पाणी पाहुणी होतं तेव्हा…

व्याकरणाच्या पुस्तकात ‘चेतनागुणोक्ती’ नावाचा एक अलंकार भेटतो. नावच एवढं भारदस्त, की पोटात गोळा यावा! निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं वर्णन केलं, की झाला हा अलंकार. ‘ढग रुसले’, ‘वारा गातो’ अशी उदाहरणं पाठ करायची, गुण मिळवायचे आणि पुढे जायचं. पण कवितेत गोष्ट सांगायची असते तेव्हा हाच अलंकार केवढं काम करतो, ते कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेत पाहू या.

गोष्ट इवलीशी. चिखलानं माखलेला, भिजलेला एक जुना विद्यार्थी सरांकडे येतो. पुरानं त्याचं घर मोडून टाकलंय. वर्तमानपत्रात हे कसं छापून येईल? ‘पुरात घराची पडझड, जीवितहानी नाही.’ आपण वाचणार आणि पान उलटणार.

तो मात्र हसून सांगतो, की गंगामाई पाहुणी आली होती. (कुसुमाग्रज नाशिकला राहत, आणि नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात.) बरं, साधी पाहुणी नव्हे, तर माहेरवाशीण! माहेरी आलेली ताई घरभर कशी बागडते, आठवा. तिला कोणी अडवतं का? आणि निघताना तिला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. आजी ओटी भरते, पिशवीत लाडू-पापड कोंबते. या पाहुणीनं मात्र घरातलं सगळं स्वतःच उचललं. बायको तेवढी वाचली. मागे उरलं ते डोळ्यांतलं पाणी. त्यालाही तो प्रसाद समजतो!

शब्द सणासुदीचे आणि घडलंय भलतंच भयंकर. या ओढाताणीत कवितेचं सारं नाट्य आहे. पाण्याला मन नसतं, त्याच्यावर रागावणार कसं? पण पाणी पाहुणी झालं, की गोष्टीत दुसरं पात्र येतं. आता तो तिच्याशी भांडू शकला असता. तो भांडत नाही. एवढं नेलं तरी तिला माईच म्हणतो. माणूस किती ताठ उभा आहे, हे कवीला वेगळं सांगावंच लागत नाही. म्हणून पुढे सरांचा हात पैशांसाठी खिशाकडे जातो आणि तो नको म्हणतो, ते आपल्याला लगेच पटतं.

वर्गात मी मुलांना पाहुणी वगळून हीच गोष्ट सांगायला लावली. एक मुलगा सांगता सांगता थांबला आणि म्हणाला, “बाई, आता तो नुसताच बिचारा वाटतोय.” यापुढे मी काय शिकवणार?

कुसुमाग्रजांचीच दुसरी कविता, ‘कोलंबसाचे गर्वगीत’. ती ‘विशाखा’ या 1942 सालच्या संग्रहात आहे. तिथेही समोर पाणीच. पण समुद्र तिथे पाहुणा नाही, प्रतिस्पर्धी आहे. कोलंबस त्याला कुस्तीच्या फडात ललकारावं तसा ललकारतो. पाण्याला माणूस दोन्हीकडे केलंय. पण कोणता माणूस केला, त्यावर गोष्टीचा सूर ठरला. (म्हणून निबंधात दर वाक्याला ढगाला रडवू नका हं!)

आता तुम्ही लिहा. परीक्षेच्या दिवशी चुकलेली एसटी. ती रुसकी मावशी होती, की विसराळू आजी? दोन्ही तऱ्हांनी आठ-आठ ओळी लिहा, आईबाबांना वाचून दाखवा आणि ते कुठे हसतात, कुठे गप्प होतात ते बघा.