मृगाची तारीख आणि पोळ्याची तिथी

"यंदा पोळा लवकर आला" किंवा "यंदा पोळा लांबला" हे वाक्य आपल्याकडे दरवर्षी कानावर पडते. 2023 साली पोळा 14 सप्टेंबरला होता, 2024 साली 2 सप्टेंबरला आणि 2025 साली 22 ऑगस्टला. मृग नक्षत्र मात्र दरवर्षी 7 किंवा 8 जूनलाच लागते. दोन्ही गोष्टी एकाच पंचांगात छापलेल्या असतात आणि दोन्ही शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याच्या असतात. मग एक हलते आणि दुसरी हलत नाही, असे का? हा प्रश्न साधा वाटला तरी त्याच्या उत्तरात आपल्या ग्रामीण वर्षाची सारी रचना दडलेली आहे.

आपले सण चंद्रावर चालतात. पोळा श्रावण अमावास्येला, भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, अक्षय तृतीया वैशाखात. चंद्राच्या बारा महिन्यांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते आणि सूर्याचे सुमारे 365 दिवसांचे. दरवर्षी पडणारा हा अकरा दिवसांचा फरक सुमारे 32-33 महिन्यांनी एक अधिक महिना घालून भरून काढतात. 2023 साली श्रावणच अधिक आला आणि पोळा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत ढकलला गेला.

पावसाची नक्षत्रे मात्र सूर्याची असतात. आकाशमार्गाचे 27 भाग कल्पिले आणि सूर्य वर्षभरात ते सारे ओलांडतो असे धरले, तर एका भागाला सरासरी साडेतेरा दिवस येतात. मृगानंतर 21-22 जूनच्या सुमारास आर्द्रा, मग पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी रांग लागते व सप्टेंबरच्या अखेरीस हस्त येते. ऋतू सूर्यामुळे होतात, म्हणून शेतीची कामे सूर्याच्या हिशेबाने आणि सणवार चंद्राच्या हिशेबाने, अशी वाटणी आपल्या पूर्वजांनी केली. ती राज्यकारभारातही दिसते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत येणारा शुहूर सन हा मृग लागताच बदलत असे, म्हणून त्याला 'मृगसाल' हेच नाव पडले. सारा पिकावर आणि पीक पावसावर, तेव्हा सरकारी वर्षानेही मृगाशीच नाते जोडले.

या वाटणीत मोठे शहाणपण आहे. पोळा घ्या. पेरणी झालेली असते, डवरणीचे फेरे बहुतेक संपत आलेले असतात आणि बैलांच्या खांद्यावरचा भार हलका होतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. पळसाच्या पानाने बैलाच्या खांद्यांना हळद आणि तूप लावतात व त्याला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे रीतसर आमंत्रण देतात. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या रंगतात, तोरण तुटते आणि पोळा फुटतो. मग गडीमाणूस बोजारा मागायला दारोदार जातो. दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन पोरांचा तान्हा पोळा. आपल्या जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर सर्वदूर प्रसिद्ध आहे. हा सगळा विसाव्याचा आणि कृतज्ञतेचा भाग झाला. तो आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाला तरी वावराचे काही बिघडत नाही. पेरणी आठ दिवस चुकली, तर मात्र वर्ष हातचे जाते.

येथेच खरी अडचण उभी राहते. मृगाची तारीख ठरलेली आहे, पण पावसाची ठरलेली नाही. मोसमी पाऊस केरळात साधारण 1 जूनला पोहोचतो असे धरतात. तेथून विदर्भापर्यंत यायला त्याला कधी दहा दिवस लागतात, तर कधी तीन आठवडे. शिवाय तारीखही अगदी स्थिर नाही. नक्षत्रांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. त्यामुळे साधारण 71 वर्षांत एक दिवस, या गतीने मृग ऋतूच्या मानाने पुढे सरकत आहे. शिवकाळाच्या तुलनेत तो आज पाच दिवस तरी उशिरा लागतो.

तारखेवर विसंबता येत नाही हे जुन्या शेतकऱ्यालाही ठाऊक होते. म्हणून त्याने तारखेच्या जोडीला खुणा ठेवल्या. पावशा पक्षी उन्हाळ्यापासूनच ओरडू लागतो आणि आपल्या लोकांना त्या ओरडण्यात 'पेरते व्हा' असे ऐकू येते. तो त्याच्या विणीच्या हंगामाचा आवाज आहे. पाऊस किती पडेल हे तो सांगत नाही. वखर-तिफण नीट करून ठेवा, एवढीच आठवण देतो. लाल मखमली मृगाच्या किड्याची गोष्ट वेगळी. हा खरे तर आठ पायांचा, कोळ्याच्या जातकुळीतला जीव. वर्षाचा बराच काळ तो मातीत दडून असतो आणि चांगल्या पावसाने जमीन भिजली की वर येतो. त्याला पंचांग कळत नाही, ओल कळते. आणि शेवटची खूण शेतकऱ्याच्या हातातच असे: माती उकरून ओल वीतभर खाली गेली की नाही, हे पाहणे. आज कृषिखाते 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे सांगते. भाषा वेगळी असली तरी मुद्दा तोच आहे.

याउलट काही समजुती खुणांच्या नसून भाकितांच्या आहेत. पंचांगात प्रत्येक पाऊस-नक्षत्राला हत्ती, बेडूक, म्हैस, कोल्हा, मेंढा असे वाहन दिलेले असते. हत्ती-बेडूक-म्हैस आले की पाऊस भरपूर, असे मानतात. हे वाहन ठरते कसे? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकी पाहायची. या गणितात ढगही नाही आणि वाराही नाही. शिवाय रत्नागिरीला जे वाहन, तेच हिंगणघाटला. दोन्हीकडचा पाऊस मात्र कधी सारखा नसतो. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात. भोवती धान्ये आणि चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचे भाकीत सांगतात. त्यासाठी दूरदूरचे शेतकरी जमतात. आशेचा सोहळा म्हणून त्याचे मोल आहे, पण त्यावरून पेरणी ठरवावी असा आधार त्यात सापडत नाही.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. एकोणिसाव्या शतकापासून हिंगणघाटचे नाव कापसाच्या व्यापारात गाजले. आजही आपल्या परिसरात पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर बहुतांशी पावसाच्याच भरवशावर आहे. मृगाची एक सर पडली म्हणून घाई करून पेरले आणि पुढे पावसाने पंधरा दिवस ताण दिला, की कोंब जळतात आणि दुबार पेरणी कपाळी येते. पूर्वी बियाणे घरच्या कणगीतले असे. कापसाचे संकरित बियाणे मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते, म्हणजे चुकीची किंमत रोख आणि बहुधा उसनवारीची असते. मग वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादहीचा दही-भाताचा नैवेद्य दाखवायला शेतात जाताना मन प्रसन्न कसे राहावे?

म्हणून परंपरा सारी खरी किंवा सारी खोटी, असा निवाडा करणे मला योग्य वाटत नाही. तिच्यात तीन गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत: सण, खुणा आणि भाकिते. सण आनंदाने साजरे करावेत, भाकिते ऐकून सोडून द्यावीत आणि खुणा मात्र जपाव्यात. दुर्दैवाने सर्वांत आधी खुणाच विसरल्या जात आहेत, कारण त्या कोणत्याही पंचांगात छापलेल्या नसतात. त्या आपल्या आजोबा-आजींच्या तोंडी आहेत. आपल्यापैकी बहुतेकांची घरे आसपासच्या खेड्यांतली आहेत. येत्या उन्हाळी सुट्टीत गावी गेल्यावर प्रत्येकाने एक वही करावी. बहावा कधी फुलला, पावशा कधी ओरडला, मृगाचा किडा कोणत्या तारखेला दिसला, त्या दिवशी ओल किती खोल होती, हे तिच्यात लिहून ठेवावे. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, तर मृग 'लागला' आणि मृग 'बरसला' यांतले अंतर आपल्याला आपल्याच वावरात मोजता येईल.