थंडीतले कोरियन मंडू-गुक

कोरियात थंडीच्या दिवसांत घरोघरी मंडू-गुक होते. मंडू म्हणजे सारण भरलेली उकडीची करंजी, मोमोची बहीणच म्हणा. गुक म्हणजे रस्सा. चांद्र नववर्षाला दक्षिणेकडे तांदळाच्या चकत्यांचे सूप करतात. उत्तरेकडे भात कमी पिकतो, तिथे मान मंडूचा.

सारणात टोफू, मोड आलेले मूग, कोबीची किमची आणि खिमा. त्यांचे मोड बोटभर लांब असतात, आपले चालतात. मोड उकळत्या पाण्यातून काढावेत आणि टोफूसकट फडक्यात घट्ट पिळावेत. इथे आळस केला की मंडू फुटलेच. मैद्याचे पीठ अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवून पातळ पाऱ्या लाटाव्यात, कडेला पाणी लावून मिटाव्यात आणि हाडांच्या उकळत्या रश्शात सोडाव्यात. मंडू वर तरंगले म्हणजे शिजले असे नव्हे. आणखी ४-५ मिनिटे ठेवून एक फोडून बघा. डुकराचा खिमा असेल तर जरासाही गुलाबी राहता कामा नये. अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी पोटात जातो.

खरी काळजी मिठाची. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात २ ग्रॅमहून जास्त मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, आणि किमचीचे मीठ वेगळेच! घरात कोणाला बीपी असेल तर त्यांची वाटी आधी काढा, सॉस नंतर घाला.

मांस नको असेल तर कोरियातल्या बौद्ध विहारांची रीत घ्या: सुकी अळंबी भिजवायची आणि तेच पाणी रस्सा म्हणून उकळायचे. ते त्यात कांदा-लसूणही घालत नाहीत. आपण घातला तरी चालेल.